वहीद सर आणि किसनची तार

आमच्या स्टाफरूममध्ये मी सुपारी कातरायला घेतली की वहीद सर उठून बाहेर जायचे. बाईमाणसानं कॉलेजात सुपारी खावी हे त्यांना आवडत नसेल, असं मला सुरुवातीला वाटलं. माझा स्वभाव आधीच तिखट. मी मुद्दाम अजून जोरात अडकित्ता चालवायला लागले. एक दिवस ते दारातून परत आले, हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, सुपारी खा, मले काही नाही. पण हे कट-कट माह्या डोक्यात मोजल्या जाते. एकदा मोजनं सुरू झालं का मले थांबवता येत नाही."

माणूस खोटं बोलत नव्हता. गळका नळ असो, सायकलची सैल चेन असो, कुठलाही आवाज ठरावीक अंतरानं आला की सरांचं बोलणं तुटायचं आणि उजव्या हाताची बोटं टेबलावर हलायला लागायची. प्राचार्यांच्या केबिनमधल्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं. तिथल्या एकाही मीटिंगमध्ये सरांनी एक शब्दही ऐकला नसेल. मीटिंगमध्ये ऐकण्यासारखं काही नसायचं, ही गोष्ट वेगळी. त्या दिवसापासून मी घरूनच सुपारी कातरून न्यायला लागले. मी वनस्पतिशास्त्र शिकवायची, ते भौतिकशास्त्र. आमची मैत्री झाली ती अशी, अडकित्त्यावरून.

वहीद सर पुसदचेच. वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेला पंप, पिठाच्या गिरणीची मोटार, जे येईल त्यात तांब्याची तार भरून द्यायची. थोरला मुलगा पुण्याला जाऊन ताऱ्यांमध्ये डॉक्टर झाला याचं बापाला कौतुक होतं की काळजी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग वडिलांना लकवा मारला आणि सर परत आले. धाकटा भाऊ मुश्ताक दुकान बघायचा, सर आमच्या कॉलेजात लागले. पुण्याच्या लोकांनी चार वेळा बोलावलं. सर गेले नाहीत. वडील गेल्यावर बोलावणंही थांबलं.

सर ज्याच्या मागे होते तो तारा मेलेला होता. हे त्यांचेच शब्द. सूर्यापेक्षा मोठा तारा मरतो, स्वतःच्या वजनानं आत कोसळतो, आणि मागे एक गोळा उरतो. वजन सूर्याहून जास्त, आकार मात्र एवढा की पुसद आणि भोवतालची चार खेडी झाकली की संपला. तो गोळा भयंकर वेगानं फिरतो आणि प्रत्येक फेऱ्याला त्याच्या रेडिओ लहरींचा झोत आपल्यावरून जातो. म्हणून इथे ठोके ऐकू येतात. ठोके हळूहळू संथ होत जातात, आणि मग काही वर्षांनी एखाद्या दिवशी गोळ्याच्या आत काहीतरी हलतं आणि तो अचानक थोडा जोरात फिरायला लागतो. का, ते कुणाला नीट ठाऊक नाही. सरांना तो झटका घडताना पकडायचा होता. मोठ्या दुर्बिणींना एकाच ताऱ्याकडे रोज बघत बसायला फुरसत नसते. आपल्याला आहे, असं सर म्हणायचे.

त्याच सुमारास गावात केबल आली होती आणि लोकांनी छपरांवरचे टीव्हीचे अँटेना काढून भंगारात घातले होते. सर ते भंगारवाल्याकडून उचलून आणायचे. मुश्ताकच्या दुकानात त्यांच्या नळ्या कापून, नव्यानं जोडून, कॉलेजच्या गच्चीवर त्यांनी दक्षिणेकडे तोंड करून अशी रांग लावली की खालून बघणाऱ्याला वाटावं कुणी वाळवण घातलंय. लोडशेडिंगचा भरवसा नाही म्हणून खाली ट्रकच्या बॅटऱ्या. पोरं त्यांना मागून 'अँटेना सर' म्हणायची. सरांना ते माहीत होतं आणि बहुतेक आवडतही होतं.

ती वर्षंच वाईट होती हो. कापसाचं काय चाललं होतं ते पेपरात रोज यायचं, मी कशाला सांगू. आम्हाला ते हजेरीत दिसायचं. एखादा पोरगा पंधरा दिवस गायब व्हायचा आणि मग डोकं भादरून वर्गात येऊन मागच्या बाकावर बसायचा. आम्ही विचारायचो नाही. सर मात्र तास संपला की त्याच्या शेजारी जाऊन बसत आणि बसूनच राहत. एकदा ते स्टाफरूममध्ये म्हणाले की आकाशात कुठंतरी, कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर, तारा मरताना गामा किरणांचा भडका उडतो, तर काही सेकंदांत जगभरच्या दुर्बिणी तिकडे माना वळवतात. मग थोडं थांबून म्हणाले, "आन इथं मानूस मेला त पटवारी तिसऱ्या दिवशी येते."

आता किसन. किसन आमच्या कॉलेजचा शिपाई. कॉलेजच्या कुंपणाला लागूनच त्याचं दोन एकर वावर होतं. पगार असल्यामुळे तो इतरांसारखा बुडाला नव्हता, पण शेतीचं वेड सुटत नव्हतं. कापसाची पऱ्हाटी, मधे तूर, कडेला भुईमूग. आणि त्या सगळ्यावर रानडुकरं. एका रात्रीत कळप शिरला की सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसायचं. म्हणून त्यानं झटका मशीन घेतलं होतं. बॅटरीवर चालतं, कुंपणाच्या तारेत दर सेकंदाला एक झटका सोडतं. जनावर चमकतं, पळतं, मरत नाही.

या मशीननं सरांची एकदा जी फजिती केली ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. गच्चीवरच्या स्पीकरमधून एक दिवस स्वच्छ ठोके यायला लागले. ठक, ठक, ठक. घड्याळ लावून घ्यावं असे. सरांचा तारा इतका जोरात कधीच बोलत नसे. त्याचा आवाज तासनतास साठवून, एकावर एक रचून, मग कुठं कागदावर उमटायचा. हे नवीनच होतं. बातमी खाली पोचली, पोरं गच्चीवर धावली, प्राचार्यांनी परस्पर पेपरवाल्याला फोन करून टाकला की आमच्या महाविद्यालयात नवा तारा सापडला. खिशातला छोटा ट्रान्झिस्टर कानाला लावून सर गच्ची उतरले आणि कुंपण ओलांडून वावरात शिरले. आम्ही वरून बघतोय. तारेशी, जिथं ओलं गवत तारेला टेकून बारीक ठिणगी उडत होती, तिथं ते वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. परत आले तेव्हा पेपरवाला कॅमेरा घेऊन हजर. सर त्याला म्हणाले, "तारा सापडला. दोन एकरात आहे. मालक किसनराव."

प्राचार्य आठ दिवस सरांशी बोलले नाहीत. किसन मात्र घाबरून सरांच्या पाया पडायला आला. सरांनी त्याला चहा पाजला. तेव्हापासून एक रिवाज पडला. दर रविवारी सर आणि किसन विळे घेऊन तारेखालचं गवत कापायचे. डॉक्टरेट झालेला माणूस लुंगी खोचून गवत कापतोय आणि शिपाई त्याला शिकवतोय, विळा असा नाही, असा धरा जी. मी माझ्या रोपवाटिकेतून बघायची. एकदा किसननं विचारलं, मेलेला तारा म्हणता, तर मग आवाज कसा करते? सर म्हणाले, मेल्यावरच करते किसनराव, जिता होता तवा कोणी ऐकलं नाही. किसननं हातातला गवताचा पेंढा बांधावर ठेवला. मग म्हणाला, "आपल्या मशीनचा तरास होते न तुमाले?" सर नाही म्हणाले. पण होत होता. गवत कितीही कापलं तरी दव पडलं की ठिणगी उडायची, आणि सरांचा निम्मा हंगाम त्या ठकठकीत वाया जायचा. किसनला ते कळत होतं. तो सगळं ऐकायचा आणि मनात ठेवायचा, ते आम्हाला नंतर समजलं.

पऱ्हाटीला बोंडं भरली होती, दिवाळी तोंडावर होती, तेव्हा किसनचं मशीन जळालं. त्यानं ते मुश्ताकच्या दुकानात दुरुस्तीला दिलं. आणि नेमका त्याच आठवड्यात सरांना पुण्याहून त्यांच्या जुन्या गुरुजींचा फोन आला. तारा आता झटका देण्याच्या बेतात वाटतोय, आणि त्याच्यावर रोज नजर ठेवणारी परदेशातली दुर्बीण नेमकी दुरुस्तीला बंद आहे. तेवढे दिवस तू खंड न पाडता ऐक. सकाळच्या वेळी तो दक्षिणेला वर यायचा. जगात त्या वेळी त्याला ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं, फक्त पुसदच्या गच्चीवरचे भंगारातले अँटेना.

मशीन दोन दिवसांत तयार झालं होतं. सरांनी मुश्ताकला सांगितलं, राहू दे थोडे दिवस. कुणी विचारलं तर पार्ट यायचाय म्हण. बस, एवढंच. आयुष्यात या माणसानं स्वतःसाठी एवढंच मागितलं असेल. त्यांनी किसनला विचारलंही, वावराचं काय करतोस? किसन म्हणाला, मी जागलीला जातो, मचानावर झोपतो, तुम्ही काळजी करू नका. आणि सरांनी ते खरं धरलं.

सुट्टी लागली होती. झाडांना पाणी घालायला मी रोज सकाळी कॉलेजात जायची. एका सकाळी सर गच्चीवरून खाली आले ते गुणगुणत. इतक्या वर्षांत मी त्यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, सापडलं वाटतं? ते म्हणाले, चार दिवस थांबा मॅडम, तपासून पाहतो, मग पेढे. डोळे असे दिसत होते की तपासायची काही गरज नव्हती.

चार दिवस झालेच नाहीत. त्यानंतरच्या दुसऱ्याच सकाळी मी नळी लावून उभी होते आणि वर स्पीकरमधून एक लांब घरघर आली. ठोका नाही. सलग. ती थांबेचना. सर जिन्यावरून अनवाणी धावत खाली आले, माझ्यासमोरून गेले, मी हाक मारली तरी वळले नाहीत. पडत-उठत कुंपण ओलांडलं आणि कोरडी काठी उचलून पंपाच्या खांबाकडे धावले. मी मागोमाग गेले. किसन तारेवर पडला होता. त्यानं पंपाच्या लाइनवरून सरळ कुंपणात करंट सोडला होता. रात्री लाइट गेली होती, सकाळी तो तार काढून ठेवायला आला, आणि हात तारेवर असताना लाइट आली. सरांनी काठीनं लाइनवर टाकलेला तारेचा आकडा पाडला तेव्हा उशीर झाला होता. ते किसनची छाती दाबत राहिले. लोक जमले, पोलीस आले, तरी दाबतच होते. शेवटी मी आणि चौकीदारानं त्यांना धरून उठवलं.

बेकायदा तार होती, स्वतःच लावली होती. त्यामुळे कुणावर केस नाही आणि कुणाला मदतही नाही. गाव दोन दिवस हळहळलं. मशीन तयार होऊन दुकानात पडलं होतं, ही गोष्ट फक्त तिघांना माहीत होती. सर, मुश्ताक, आणि सरांनी सांगितली म्हणून मी.

सरांना ती किसनच्या बायकोला, सिंधूला, सांगायची होती. मुश्ताक माझ्याकडे आला, रडला. म्हणाला, "मॅडम, भाई को समझाओ. ये बात बाहर गई तो दुकान जला देंगे. मेरे बच्चे हैं." त्या दिवसांत गावाची हवा बरी नव्हती आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी सरांशी भांडले. सांगून त्या बाईचा नवरा परत येणार आहे का? तिला अजून एक दुःख द्यायचं, भावाचं घर धोक्यात घालायचं, कशासाठी, तुमच्या मनाच्या समाधानासाठी? चांगलंच बोलले. सर ऐकून घेत होते आणि त्यांची बोटं गुडघ्यावर मोजत होती, काय ते देव जाणे. शेवटी एवढंच म्हणाले की ती बाई रोज विचार करत असेल, मशीन का नाही आलं.

किसनच्या तेरवीला सर त्याच्या घरी गेले. मी सोबत गेले, कारण एकट्यानं जाऊ देणं मला जमलं नाही. अंगणात पंगत बसली होती. सिंधूचे भाऊ वाढत होते, चांगले दांडगे गडी. सिंधू आत भिंतीला टेकून बसली होती. सर उंबऱ्यावरच बसले आणि कुणालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, मशीन दुरुस्त झालं होतं. मीच मुश्ताकले ठेवायले लावलं. माह्या कामासाठी."

वाढणाऱ्या भावाचा हात थांबला. मी पदर घट्ट धरून उभी. मनात एकच, आता काय होतं.

सिंधूनं मान वर केली. "मले माहीत हाय सर," ती म्हणाली. "त्याईलेबी माहीत होतं. मुश्ताकभाऊनं दोनदा वायदा केला तवाच समजलं त्याईले. मी म्हटलं जा, मांगून आना. तर म्हने, राहू दे, सरले आवाज नाही पाहिजे. डायरेक्ट लाइन टिकटिक करत नाही म्हने."

भाऊ भांडं ठेवून बाहेर निघून गेला. सर तसेच बसले होते. सिंधूनं एक ताट वाढायला सांगितलं आणि त्यांच्यासमोर ठेववलं. मग अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "भेटला का मंग तो तारा?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. आणि जेवायला लागले. ताटातलं सगळं जेवले, शीत ठेवलं नाही.

परत येताना मी रस्त्यात थांबले आणि जी तापले ती तापलेच. खरं सांगायला गेला होतात ना? मग तिथं खोटं का बोललात? ती बाई कशासाठी विचारत होती कळलं नाही का तुम्हाला? तिचा माणूस काही कामी आला एवढं तरी तिला ऐकायचं होतं. सर पुढं गेले होते, ते परत मागं आले. मग म्हणाले, "मॅडम, मी हो म्हटलं असतं तर ती 'बरं झालं' म्हटली असती. ते मले ऐकता आलं नसतं."

दुकान कुणी जाळलं नाही. सिंधूच्या भावांनी ते का होऊ दिलं नाही, हे तिलाच ठाऊक. पुण्याहून गुरुजींचे फोनवर फोन आले. सर म्हणाले, त्या दिवसांत यंत्र बंद होतं. परदेशातली दुर्बीण सुरू झाली तेव्हा त्यांना दिसलं की तारा मधल्या काळात झटका देऊन बसलाय, पण नेमका कधी आणि कसा, ते जगात कुणालाच कळलं नाही. ते सरांकडे होतं. मला माहीत होतं ते त्यांच्याकडे आहे. मी एकदा म्हटलं, सर, ताऱ्याचा काय दोष, पाठवून द्या ना. ते म्हणाले, "मी सिंधूवहिनीले नाही म्हटलं आहे." विषय संपला. त्या वर्षी त्यांनी अँटेना उतरवले आणि परत भंगारवाल्याला देऊन टाकले. गच्ची मोकळी झाली तेव्हा मला इतकं वाईट वाटलं की मी आठवडाभर तिकडे मान वर करून पाहिलं नाही.

नंतर सर कॉलेजात यायचे, शिकवायचे, जायचे. संध्याकाळी मुश्ताकच्या दुकानात बसून झटका मशीन दुरुस्त करायचे. कुणाचंही असो, त्याच दिवशी, तिथंच उभं ठेवून. उद्या या, हा शब्द त्यांनी दुकानात बंद करून टाकला होता. रविवारी कुठं जातात ते सांगत नसत. मग माझी निवृत्ती झाली, मी मुलीकडे नेरला राहायला गेले. पुसद सुटलं, सरही सुटले.

शेवटचं पाहिलं ते फुलसावंगीला. लग्नाला गेले होते, बाजाराचा दिवस होता. औषधांच्या दुकानाजवळ माणसांचं कोंडाळं दिसलं. मला वाटलं कुणी जडीबुटीवाला असेल. जवळ गेले तर मधे वहीद सर. केस पार पांढरे. दोन लाकडी खुंट्या, मधे ताणलेली तार, खाली मशीन. ठक, ठक, ठक. ज्या आवाजापायी ते आयुष्यभर जागचे उठून जायचे, तोच आवाज समोर ठेवून बसले होते.

ते शेतकऱ्यांना सांगत होते की डुकरासाठी डायरेक्ट लाइन लावू नका. हे मशीन झटका मारते, पण मधात थांबते. त्या थांबण्यात हात सुटते. डायरेक्ट थांबत नाही, म्हणून सोडत नाही. एक जण म्हणाला, सोडते कशावरून? कुणी हात लावायला पुढं येईना. तर सरांनीच तार धरली. अख्खं अंग उडालं, आणि हात सुटला. "पाहा. सोडते," ते म्हणाले. परत धरली. परत उडाले. त्यांच्या बोटांची टोकं काळी पडली होती, ते मला तेवढ्या गर्दीतून दिसलं. किती बाजारांत किती वेळा हे केलं असेल, मला विचारवेना. हाक मारायची राहून गेली.

एक म्हातारा शेतकरी पुढं झाला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "समजलं सर, सगळ्याईले समजलं. पुरे आता."

"एक खेप अजून," सर म्हणाले आणि त्यांनी तार धरली.